पक्षाचा उगम कसा शोधावा : हंगेरी, १९८८

एम.ए.च्या प्रबंधासाठी उदारमतवादी पक्षाचा उगम हा विषय घेऊन विद्यार्थी येतात, तेव्हा पहिल्या मसुद्यात जाहीरनाम्याची पानंच्या पानं उतरवलेली असतात. मी त्यांना जाहीरनामा शेवटासाठी राखून ठेवायला सांगते. लोकशाही येण्याआधी जन्मलेला पक्ष आधी माणसांमधून शोधायचा असतो.

माझं आवडतं उदाहरण हंगेरीचं. मुक्त लोकशाहीवाद्यांची आघाडी १३ नोव्हेंबर १९८८ रोजी बुडापेस्टमध्ये स्थापन झाली. ही तारीख लिहून थांबू नका, सात वर्षं मागे जा. १९८१ साली यानोश किश आणि त्यांचे सहकारी ‘बेसेलो’ हे नियतकालिक सेन्सॉरला न विचारता छापू लागले. किश पुढे या पक्षाचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे पक्षाच्या आधी छपाई होती, वाटप होतं आणि एकमेकांवर विश्वास ठेवणारी मंडळी होती.

आता यातल्या एकाच माणसाचा माग काढा. मी लास्लो राइक धाकटे यांचा काढायला लावते. त्यांचे वडील कम्युनिस्ट मंत्री. त्यांच्याच राजवटीने १९४९ मध्ये खोटा खटला चालवून त्यांना फाशी दिलं, तेव्हा हा मुलगा तान्हा होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये वडिलांचं सन्मानाने पुन्हा दफन झालं आणि त्याच महिन्यात कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव पेटला. मुलगा वास्तुरचनाकार झाला आणि १९८१ पासून स्वतःच्या घरातून बंदी असलेली पुस्तकं-मासिकं विकू लागला. १६ जून १९८९ रोजी, उठावानंतर फाशी दिलेले पंतप्रधान इम्रे नॉज यांचं हीरोज स्क्वेअरवर सन्मानाने स्मरण होऊन पुन्हा दफन झालं. त्या सोहळ्याची मांडणी करणाऱ्यांत राइक होते. नॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शवपेट्यांशेजारी एक रिकामी पेटी ठेवली होती, उठावातल्या अनाम बळींसाठी. १९९० मध्ये राइक या पक्षाचे खासदार झाले. पक्ष कोणत्या दुःखातून उभा राहिला, हे एवढ्या एका आयुष्यातून कळतं. जाहीरनाम्याच्या चाळीस पानांत ते सापडणार नाही.

मग शेजारी दुसरा पक्ष ठेवा. फिदेस ३० मार्च १९८८ रोजी कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जन्मला. संस्थापक ३७, सदस्यत्वाची वयोमर्यादा ३५. तेव्हा तरुणांची अधिकृत संघटना एकच होती, कम्युनिस्ट युवा संघटना. या मुलांनी तिला समांतर संघटना काढली आणि त्यांना ताकीदही मिळाली. तेव्हा दोन्ही पक्ष उदारमतवादीच म्हणवत. पण एकाची घडण भूमिगत छापखान्यात झाली, दुसऱ्याची विद्यार्थ्यांच्या खोल्यांत. हा फरक नोंदवून ठेवा, कारण पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

तिसरं काम : पक्षाने सही कशावर केली नाही, ते शोधा. सप्टेंबर १९८९ मध्ये एकपक्षीय राजवटीतून लोकशाहीकडे कसं जायचं, यावर सत्ताधारी आणि विरोधकांचा करार झाला. या दोन्ही पक्षांनी त्यावर सही केली नाही. राष्ट्राध्यक्ष संसदेच्या निवडणुकीआधी निवडला, तर ते पद जुन्या पक्षाच्या लोकप्रिय नेत्याकडे जाईल, ही त्यांची भीती. त्यांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवलं. २६ नोव्हेंबरला हा प्रश्न जेमतेम ५०.०७ टक्क्यांनी त्यांच्या बाजूने गेला. सुमारे सहा हजार मतं! माझ्या मते, मुक्त लोकशाहीवाद्यांना देशभर ओळख मिळाली ती इथे. १९९० च्या निवडणुकीत ते दुसऱ्या क्रमांकावर आले.

नंतरचा इतिहास मात्र प्रबंधाच्या दाराबाहेर ठेवा. मुक्त लोकशाहीवादी १९९४ मध्ये समाजवाद्यांबरोबर सत्तेत गेले आणि २०१० मध्ये संसदेबाहेर फेकले गेले. फिदेसने २००० मध्ये उदारमतवाद्यांची आंतरराष्ट्रीय संघटना सोडली. हे माहीत असल्यामुळे १९८८ च्या मुलांत आजचे नेते दिसू लागतात. म्हणून उगमाच्या प्रकरणात १९९० नंतरचं एकही वाक्य येऊ देऊ नका, आणि जाहीरनामा वाचायला घ्यायचा तो आता.