शेपटी नसलेल्या मॅन्क्स मांजराचा सांभाळ

मॅन्क्स जातीचे मांजर पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर त्याच्या गोल, बिनशेपटीच्या पुठ्ठ्यावर खिळते आणि शेपटीवाचून हे तोल कसा सांभाळते, हा प्रश्न हटकून विचारला जातो. तोलाची चिंता खरे तर करू नये. तो सांभाळण्याचे मुख्य काम कानाच्या आतल्या भागातील इंद्रिय करते, त्यामुळे पडताना हवेतल्या हवेत वळून पायांवर उतरणे शेपटी नसलेल्या मांजरालाही साधते आणि मागचे पाय लांब व भक्कम असल्याने मॅन्क्स उड्या मारण्यात तरबेजच असते. काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टीची. शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचे टोक. ते घडले नाही याचा अर्थ कण्याच्या घडणीतच गर्भावस्थेत बदल झाला, आणि हा बदल शेपटीपाशी थांबला की त्याच्याही वर सरकला, यावर त्या मांजराचे पुढचे आयुष्य ठरते.

ही जात मूळची आयरिश समुद्रातील आयल ऑफ मॅन या बेटावरची. शेपूट घडू न देणारे तिचे जनुक प्रभावी आहे, म्हणजे ते आईबापांपैकी एकाकडून आले तरी परिणाम दिसतो; दोघांकडून आले तर गर्भ जन्मापूर्वीच दगावतो. एकाच वेतातील पिल्लेही सारखी निघत नाहीत. ज्याला शेपटीचे हाडच नसते आणि तिच्या जागी बोटाला खळगा लागतो ते रम्पी, ज्याला हाताला जेमतेम जाणवणारा उंचवटा असतो ते रम्पी रायझर, आखूड आणि पुष्कळदा वाकडी शेपटी असलेले स्टम्पी, आणि जवळजवळ पूर्ण शेपटीचे लाँगी. लांब केसांच्या मॅन्क्सला किमरिक म्हणतात. जपानी बॉबटेलची आखूड शेपटी निराळ्या जनुकामुळे येते, त्यामुळे कण्याच्या विकारांविषयी पुढे सांगितलेली धास्ती तिच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही.

पिल्लू घरी आणण्याची घाई करू नये. कण्याचे किंवा मज्जारज्जूचे टोक अपुरे राहिले असेल, तर त्याची लक्षणे बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतात, म्हणून पिल्लू किमान 4 महिन्यांचे झाल्याशिवाय स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते संथपणे चालत असतानाही मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते का, उभे राहताना मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवते का, शेपटीखालचा भाग ओला किंवा माखलेला असतो का, हे शांतपणे पाहावे. पिल्लाचा लिटर ट्रे, म्हणजे मलमूत्रासाठी ठेवलेला वाळूसारख्या भुग्याचा ट्रे, दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर तिथेच थांबावे. पशुवैद्याकडून मागच्या पायांची संवेदना, मूत्राशय आणि गुदद्वाराची आकुंचनशक्ती तपासून घ्यावी व शंका आल्यास कण्याचा एक्स-रे काढावा.

मांजर घरात रुळले की मालकाने रोज लक्ष द्यायची जागा म्हणजे लिटर ट्रे. तो प्रशस्त आणि पुढच्या बाजूने बुटका असावा. लघवीचे किती गोळे झाले, विष्ठा मऊ आहे की खड्यासारखी कोरडी, मांजर कुंथत बराच वेळ बसते का, याची रोजची नोंद मनात तरी ठेवावी. बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष केल्यास साठलेल्या मळाने मोठे आतडे ताणले जाते आणि कालांतराने त्याची आकुंचन पावण्याची शक्तीच जाते. ओले अन्न आणि घरात दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवल्याने पुष्कळ फरक पडतो. तंतुमय पदार्थ मात्र सरसकट देऊ नयेत, कारण काही मांजरांना ते मानवतात, तर आतडे आधीच सैल पडलेल्यांचा त्रास त्यांनी वाढतो. दोन दिवस शौचाला झाली नाही, तर पशुवैद्याला दाखवावे. माणसांसाठीचा फॉस्फेटयुक्त एनिमा घरच्या घरी कधीही देऊ नये. मांजरासाठी तो प्राणघातक ठरू शकतो.

लघवीची तक्रार दोन परस्परविरुद्ध रूपांत दिसते. मज्जातंतू दुबळे असले की थेंब थेंब गळती होते, आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्याने वारंवार जंतुसंसर्गही होतो. काही मांजरांचे मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागते; ही कृती पशुवैद्यासमोर शिकून घेतल्याशिवाय करू नये. दुसरीकडे, बोका वारंवार ट्रेमध्ये बसूनही लघवी होत नसेल, तर त्याचा मार्ग अडला आहे असे समजावे आणि सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. गळती असलेल्या मांजराची त्वचा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि तिथले केस आखूड ठेवावेत. हाताशी आहे म्हणून कोणतेही मलम लावू नये, कारण मांजर ते चाटणारच आणि झिंक ऑक्साइडसारखे घटक पोटात गेल्यास विषारी ठरतात.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली हवा; पुढच्या पायांना धरून लोंबकळवणे कोणत्याही मांजराला वाईटच, मॅन्क्सला अधिक. पुष्कळ मांजरांना कंबरेवर थोपटलेले आवडते, पण इथे कण्याचे टोक हळवे असू शकते. ही गोष्ट घरातल्या लहान मुलांना आधीच समजावून द्यावी. मांजर चिडले की शेपूट आपटते, ही ओळखीची सूचना मॅन्क्सकडून मिळत नाही, तेव्हा मागे वळलेले कान, मोठ्या झालेल्या बाहुल्या आणि पाठीवरच्या कातडीची थरथर वाचायला शिकावे लागते. अंगावर केसांचे दोन थर असल्याने आठवड्यातून एक-दोनदा ब्रश फिरवावा. वजन वाढू देऊ नये, कारण कण्यावरचा भार वाढतो.

स्टम्पी मांजराच्या वाकड्या शेपटीत पुढे संधिवात होऊ शकतो. तिला हात लावताच ते चिडत असेल, तर त्याला स्वभावदोष न समजता वेदना समजावे. क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते.

हौस म्हणून मॅन्क्सची वीण करण्याच्या फंदात न पडलेले बरे. शेपटी नसलेल्या नर-मादीचा जोड लावला, तर जनुकाच्या हिशेबाने सरासरी एक चतुर्थांश गर्भ जगत नाहीत आणि जन्मलेल्यांत कण्याच्या गंभीर विकारांची शक्यता वाढते. म्हणून जाणकार शेपटी नसलेल्याचा जोड पूर्ण शेपटीच्या मांजराशी लावतात. घरात पाळलेल्या मॅन्क्सची मात्र योग्य वयात नसबंदी करून घ्यावी आणि त्यासाठी भूल देण्याची वेळ येईल तेव्हा, आधी काढला नसल्यास, कण्याचा एक्स-रे त्याच खेपेत काढता येईल का, हे पशुवैद्याला विचारावे.