सच्छिद्र कार्बनमध्ये वितळलेले सिलिकॉन मुरवून भरीव सिलिकॉन कार्बाइडचे भाग कसे बनवावेत

सिलिकॉन कार्बाइड या अतिशय कठीण सिरॅमिकची पूड दाबून आणि भाजून भरीव भाग बनवायचा, तर तापमान २००० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते आणि भाग बराच आकसतो. सच्छिद्र कार्बनमध्ये वितळलेले सिलिकॉन मुरवण्याच्या पद्धतीत दोघांची अभिक्रिया होऊन कार्बाइड तिथेच तयार होते; त्यासाठी १४५० ते १५५० अंश पुरतात आणि मापे जवळजवळ कायम राहतात. मात्र काम साधते की फसते, हे भट्टी पेटवण्यापूर्वीच कार्बनच्या ठोकळ्यात, म्हणजे प्रीफॉर्ममध्ये, ठरलेले असते.

याचे कारण साध्या हिशोबात आहे. १२ ग्रॅम कार्बनपासून सुमारे १२.५ घन सेंटीमीटर सिलिकॉन कार्बाइड तयार होते. म्हणून छिद्रांसह मोजलेली प्रीफॉर्मची घनता दर घन सेंटीमीटरला ०.९६ ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर नव्या कार्बाइडला जागाच उरत नाही. बाहेरची छिद्रे बुजतात आणि आतला कार्बन कोराच राहतो. घनता ०.८५ ग्रॅम ठेवली, तर सर्व कार्बनची अभिक्रिया झाल्यावर आकारमानाने सुमारे ८८ टक्के कार्बाइड आणि १२ टक्के मोकळे, म्हणजे अभिक्रिया न झालेले, सिलिकॉन मिळते. छिद्रांचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे: ती काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) रुंद आणि एकमेकांना जोडलेली हवीत, कारण फार बारीक छिद्रे सिलिकॉन आत पोचण्याआधीच बंद होतात.

कार्बनची बारीक पूड अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या फिनॉलिक रेझिनमध्ये (तापवल्यावर कार्बन मागे ठेवणाऱ्या कृत्रिम राळेत) कालवावी, वाळवून चाळावी आणि गरम साच्यात दाबावी. नंतर नायट्रोजनमध्ये ९०० ते १००० अंशांपर्यंत तापवून रेझिनचा कार्बन करावा. ३०० ते ६५० अंशांदरम्यान वायू जोराने सुटतात, तेव्हा मिनिटाला एक अंशाहून अधिक घाई केल्यास ठोकळा तडकतो. हे वायू विषारी असल्याने ते छतावरील नळीतूनच बाहेर सोडावेत. थंड झालेला ठोकळा मोजून आणि वजन करून घनता काढावी, आणि ती जमली नसेल तर दाब बदलून नवा ठोकळा करावा. हा ठोकळा मऊ असल्याने भोके व खाचा याच वेळी पाडाव्यात. कार्बाइड झाल्यावर हिऱ्याच्या हत्याराशिवाय काही चालत नाही.

०.८५ ग्रॅम घनतेच्या ठोकळ्याला दर घन सेंटीमीटरमागे सुमारे २.२६ ग्रॅम सिलिकॉन लागते. दहा टक्के जास्त घ्यावे. पूड टाळून खडे वापरावेत, कारण बारीक पुडीवर ऑक्साइडचा थर प्रमाणाने फार असतो. ग्रॅफाइटच्या मुशीला आतून बोरॉन नायट्राइडचा लेप द्यावा, नाहीतर सिलिकॉन मुशीतच मुरते. ठोकळा थेट सिलिकॉनमध्ये न ठेवता सच्छिद्र कार्बनच्या लहान खुंट्यांवर उभा करावा, म्हणजे कंदिलाच्या वातीतून तेल चढते तसे सिलिकॉन खालून चढते आणि हवा वरून निघून जाते.

निर्वात भट्टीत १३५० अंशांवर अर्धा तास थांबून सर्व भागांचे तापमान सारखे होऊ द्यावे. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते आणि अभिक्रियेतूनच पुष्कळ उष्णता निघते, त्यामुळे पुढची चढण सावकाश घ्यावी. जाड भागांत कार्बनबरोबर थोडी सिलिकॉन कार्बाइडची पूड आधीच मिसळली, तर ही उष्णता आणि तडे दोन्ही कमी होतात. १५०० अंशांवर अर्धा ते एक तास पुरतो. गोठताना सिलिकॉन फुगते, म्हणून थंड झालेल्या भागावर चकचकीत मणी बाहेर आलेले दिसतात. ते व खुंट्या घासून काढाव्यात.

भागासोबत भट्टीत ठेवलेल्या नमुना-ठोकळ्याचा एक तुकडा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. राखाडी कार्बाइडमध्ये पांढरट चमकदार सिलिकॉन दिसते, तर मधोमध काळा डाग दिसल्यास छिद्रे वेळेआधी बुजली असे समजून घनता किंवा छिद्रांचा आकार बदलावा. आर्किमिडीजच्या पद्धतीने, म्हणजे पाण्यात बुडवून वजन करून, मोजलेली घनता दर घन सेंटीमीटरला ३.१ ग्रॅमच्या जवळ यायला हवी. मोकळे सिलिकॉन आत असल्यामुळे हे भाग १३५० अंशांहून अधिक तापमानात वापरू नयेत.