ट्रॅक्टरचं मागचं चाक हलतंय? नट आवळण्याआधी खेळ कुठे आहे ते शोधा

उसाचा हंगाम लागला की सोलापूर जिल्ह्यात जुने ट्रॅक्टरही दोन-दोन ट्रॉल्या ओढायला निघतात. भरल्या ट्रॉल्यांचा प्रत्येक हिसका मागच्या चाकाच्या नटांवर येतो. चाकातून कटकट आवाज आला की पाना घेऊन नट आवळायचे, हा नेहमीचा उपाय. चार खेपांत ते पुन्हा ढिले होतात.

खेळ, म्हणजे ढिलेपणा, तीन ठिकाणी असू शकतो: हब (अ‍ॅक्सलच्या टोकाचा भाग, ज्यावर चाक बसतं) आणि डिस्क (चाकाचा मधला पत्रा) यांच्यात, डिस्क आणि रिंग (जिच्यावर टायर चढतो) यांच्यात, किंवा आत अ‍ॅक्सलच्या बेअरिंगमध्ये. चाक उचलण्याआधीच नटांभोवती बघा. नटाखालून तांबूस भुकटीचा ओघळ दिसला तर तो नट बरेच दिवस हलतोय. टायरच्या आतल्या बाजूला तेल उतरलं असेल तर ऑईल सील (तेल अडवणारी कडी) गेलंय आणि बेअरिंगवरही संशय घ्यावा.

आता जॅक. ट्रॉली सोडा आणि ट्रॅक्टर मुरमाच्या कडक, सपाट जागेवर घ्या. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात जॅक लावलाच तर खाली जाड फळी हवी, नाहीतर चाक उचलण्याऐवजी जॅकच मातीत जातो. गिअरवर विसंबू नका. एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) गिअर असूनही जमिनीवरचं चाक फिरू शकतं. म्हणून त्या चाकाला पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे मागून एक बाजू उचलली की ट्रॅक्टर कलंडू शकतो. पुढच्या अ‍ॅक्सलच्या वर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. नट इतक्यात सैल करू नका, नाहीतर खेळ कुठे आहे ते कळणार नाही. मग अ‍ॅक्सलच्या घराखाली जॅक लावा, उचला आणि लगेच लाकडी ठोकळे रचा. नुसत्या जॅकवर काम नाही.

टायर वर-खाली धरून हलवा, दुसऱ्याला हबकडे बघायला सांगा. हब स्थिर आणि डिस्क हलते, तर दोष नटांचा किंवा स्टडचा (हबमधले आटेदार बोल्ट, ज्यांवर नट बसतात). हबही चाकाबरोबर हलला तर बेअरिंग. ते शिमने (पातळ चकत्यांनी) बसवायचं काम आहे, मिस्त्रीकडेच न्या.

चाक काढायचं असेल तर ते जमिनीवर टेकवून नट अर्धा फेरा सैल करा आणि मगच पुन्हा उचला. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलंय का ते आधी विचारा. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये दीडशे लिटरच्या वर पाणी मावतं, त्यामुळे चाक कलंडलं तर दोन माणसांनाही आवरत नाही. टायर जेमतेम जमिनीला टेकेल एवढंच उचला, खाली ग्रीस लावलेला पत्रा सरकवा आणि चाक उभंच बाहेर ओढा. डिस्कचा खोलगट भाग आत होता की बाहेर, याचा फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर दोन चाकांमधलं अंतर बदलतं.

खरं काम इथे आहे. हब आणि डिस्क जिथे एकमेकांना टेकतात तो भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे रंग, गंज किंवा माती राहिली तर ती कामात दबून निघून जाते आणि नट आपोआप सैल पडतो. डिस्कची भोकं लांबट झाली असतील तर डिस्क बदला. वेल्डिंगने भरलेलं भोक उसाच्या ओझ्याखाली टिकत नाही, आणि डिस्क हबलाच वेल्ड करणं तर शुद्ध वेडेपणा. आटे ओढले गेलेला स्टड बदला. एक तुटला असेल तर त्याच्या शेजारचे दोनही बदला, कारण त्याचा भार त्यांनीच सोसलेला असतो.

नटाची निमुळती बाजू डिस्ककडे ठेवून सगळे आधी हाताने बसवा. मग समोरासमोरचे नट घेत तीन फेऱ्यांत आवळा, शेवटची फेरी चाक जमिनीवर टेकवून. किती जोर लावायचा ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. ते हाताशी नसेल तर 16 मिमीच्या स्टडला नटापासून एक मीटरवर साधारण 20 किलोचा जोर पुरतो. पाईपवर उभं राहून उड्या मारल्या की स्टड ताणला जातो. आट्यांना ग्रीस नको, तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

प्रत्येक नटावरून डिस्कवर जाणारी रंगाची एक रेघ मारा. भरल्या ट्रॉलीची पहिली खेप झाली की पुन्हा आवळा, मग 10 तासांनी, पुढे दर 50 तासांनी. रेघ तुटलेली दिसली तर ट्रॅक्टर तिथेच थांबवा.