सायकलवर ऑफिसला जाताना सॅक पाठीवर नको

साताऱ्यात पोवई नाक्याहून राजवाड्याकडे सॅक घेऊन चढलात, की शर्ट पाठीला चिकटलाच. ओझं कॅरिअरवर टाका.

१. कॅरिअरच्या बाजूला अडकवायची पिशवी घ्या. दुकानातच लावून पायडल उलटं फिरवा. टाच पिशवीला घासली तर ती मागे सरकवा. सरकत नसेल तर दुसरी बघा, रंग कितीही आवडला तरी.

२. कुलूप, पंप तळाशी. डबा उभाच, बाजूने टॉवेल कोंबून. (आमटीचे डाग फायलीवरून जात नाहीत, अनुभव आहे.)

३. पावसाळ्यात शिवणीतून पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा.

पाकीट, मोबाईल अंगावरच. आणि लोंबणारा पट्टा आधी बांधा. स्पोकमध्ये गुंतला तर उतारावर चाक जागीच अडकतं.