शैक्षणिक साहित्य आणि तंत्रज्ञानाविषयी शिक्षकांची मते घेताना या चुका टाळा

शाळेत नवे साहित्य, प्रोजेक्टर किंवा टॅबलेट आले की शिक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, ‘बहुतांश शिक्षक समाधानी’ असा अहवाल तयार होतो आणि काही महिन्यांनी तेच साहित्य कपाटात धूळ खात पडलेले दिसते. अशा वेळी शिक्षकांनाच बदल नको आहे, असे म्हणून मोकळे होण्यापूर्वी आपण त्यांना नेमके काय विचारले होते, हे तपासावे. माझ्या मते दोष बहुतेकदा तिथेच सापडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोघम प्रश्न. ‘अध्यापनात तंत्रज्ञान उपयुक्त आहे असे आपणास वाटते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा शिक्षक विरळाच, परंतु त्या होकारावरून वर्गात काय घडेल हे मुळीच कळत नाही. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे समजावणाऱ्या, अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रतिमानात एखादी गोष्ट उपयुक्त वाटणे आणि ती वापरायला सोपी वाटणे, या दोन बाबी वेगळ्या धरल्या आहेत, आणि शाळेत हा फरक पदोपदी जाणवतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत लॅपटॉप आणणे, केबल जोडणे, पडदे ओढणे आणि तरीही निळ्याच राहिलेल्या पडद्याशी झटापट करणे यांत दहा मिनिटे गेली, तर भूमितीच्या शिक्षिका ते साधन मनापासून उपयुक्त मानूनही पुढच्या तासाला खडू आणि फळ्याकडेच वळतील. म्हणून ‘गेल्या दोन आठवड्यांत हे साहित्य कोणत्या पाठासाठी वापरले, सुरू करायला किती वेळ लागला आणि कुठे अडले?’ असे विचारावे. मत मागण्याऐवजी प्रसंग विचारला की उत्तरे आपोआप खरी होऊ लागतात.

एकाच प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नयेत. ‘कार्यपुस्तिका आणि त्यासोबतचे व्हिडिओ दर्जेदार आहेत’ या विधानावर, कार्यपुस्तिका आवडलेल्या पण व्हिडिओ नापसंत असलेल्या शिक्षकाने कोणती खूण करावी?

‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ ही पाच पर्यायांची श्रेणी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांच्या 1932 मधील कामातून रूढ झाली. ती सोयीची आहे. मात्र ज्यांनी साहित्य उघडूनही पाहिलेले नाही, असे शिक्षक मधल्या ‘तटस्थ’ पर्यायावर खूण करतात आणि त्यांची गणना विचारपूर्वक तटस्थ राहिलेल्यांमध्ये होते. यासाठी ‘वापरलेले नाही’ असा स्वतंत्र रकाना द्यावा. शिवाय सरासरीवर विसंबू नये. ‘पूर्णपणे असहमत’ला 1 आणि ‘पूर्णपणे सहमत’ला 5 गुण धरले, तर दहांपैकी पाच शिक्षकांनी 1 आणि पाच जणांनी 5 गुण दिले तरी सरासरी 3 येते, आणि ‘मध्यम प्रतिसाद’ या शब्दांखाली दोन टोकांचे अनुभव गाडले जातात. ते पाच असमाधानी शिक्षक सगळे एकाच मजल्यावर शिकवतात का, तिथे इंटरनेट पोहोचते का, हे पाहिल्यास उपाय लगेच सापडू शकतो.

नावासह भरलेला अर्ज थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार असेल, तर त्यात मोकळेपणाची अपेक्षा ठेवू नये. केवळ नावाचा रकाना काढून हे साधत नाही, कारण विज्ञानाचा एकच शिक्षक असलेल्या शाळेत विषय लिहिला की ओळख पटतेच. लहान शाळांमध्ये विषय आणि इयत्ता हे दोन्ही रकाने वगळावेत किंवा शिक्षकांनी आपापसांत चर्चा करून एकत्रित टिपण द्यावे.

मला सर्वांत अन्यायकारक वाटते ती चूक म्हणजे प्रत्येक तक्रारीला ‘तंत्रज्ञानाला विरोध’ असे नाव देणे. शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये मांडलेल्या चौकटीप्रमाणे विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान एकमेकांत मिसळल्यावरच साधनाचा योग्य वापर होतो. चंद्रकलांवरील एखाद्या अॅनिमेशनमध्ये पृथ्वी आणि चंद्र इतके जवळ दाखवलेले असतात की पृथ्वीच्या सावलीमुळेच कला दिसतात, असा मुलांचा आधीचाच गैरसमज पक्का होतो. अशा वेळी ते बंद करून दिवा आणि चेंडू हाती घेणारी शिक्षिका विषयज्ञानाच्या बळावर निर्णय घेत असते. अहवालात मात्र तिची नोंद ‘अनुत्सुक’ अशी होते. नकारासोबत कारण लिहायला चार ओळींची जागा ठेवली, तर हीच नोंद साहित्य सुधारण्याच्या कामी येईल.

वेळेचेही भान ठेवावे. प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी मिळणारी मते प्रशिक्षकाविषयी असतात आणि खरेदीनंतर मागितलेली मते केवळ उपचार ठरतात, त्यामुळे एक प्रश्नफेरी निवडीपूर्वी नमुना साहित्य हाताळायला देऊन आणि दुसरी किमान एक घटक शिकवून झाल्यावर घ्यावी. दुसऱ्या फेरीच्या प्रश्नावलीत अगदी वर, पहिल्या फेरीतील कोणत्या सूचनेवरून काय बदलले आणि कोणती सूचना कोणत्या कारणाने स्वीकारता आली नाही, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे.