इन्ग्रेसमध्ये रीराइट आणि रीडायरेक्ट: या चुका टाळा

इन्ग्रेस म्हणजे बाहेरून आलेली विनंती कुबरनेटीसमधल्या (ॲप्स चालवणारी यंत्रणा) योग्य ॲपकडे नेणारे नियम. रीराइट म्हणजे वाटेत पत्ता बदलून ॲपला देणं, रीडायरेक्ट म्हणजे ब्राउझरलाच दुसऱ्या पत्त्यावर धाडणं. टीममध्ये कुणी नवं आलं की महिन्याभरात हाक येतेच, "दादा, इन्ग्रेस लावलाय, पण काहीही उघडलं तरी होमपेजच दिसतंय." मी खुर्चीतूनच विचारतो, "डॉलर-दोन कुठे गेला?"

हा प्रश्न मला फुकट सुचलेला नाही. एका क्लायंटचं दुकान कुबरनेटीसवर हलवत होतो. इन्ग्रेस-एनजिनएक्समध्ये (हे नियम प्रत्यक्ष राबवणारा कंट्रोलर) पाथ लिहिला `/शॉप(/|$)(.*)` आणि रीराइट-टार्गेट, म्हणजे ॲपला कोणता पत्ता द्यायचा ती सेटिंग, `/$2`. म्हणजे दुसऱ्या कंसात जे सापडेल तेवढंच आत पाठवायचं. `/शॉप/कार्ट` आला की ॲपला फक्त `/कार्ट` दिसणार. लावलं, मॉनिटरिंग हिरवंगार, मी चहाला गेलो. परत येतो तर फोन: कार्ट उघडलं की होमपेज, ऑर्डर उघडली की होमपेज. सीएसएसच्या फाइलीच्या जागीसुद्धा होमपेजचं एचटीएमएल येत होतं. मॉनिटरिंगला काय, होमपेजही २००च (सगळं ठीक) देतं!

दोन तास मी रेजेक्स (पाथमधला तो कंसांचा नमुना) वाचत बसलो. रेपोमधली स्क्रिप्ट बरोबर, कंस बरोबर, सगळं बरोबर. शेवटी क्लस्टरमध्ये प्रत्यक्ष काय बसलंय ते काढून पाहिलं, तर रीराइट-टार्गेटपुढे नुसता एक स्लॅश. यामल (इन्ग्रेसचं कॉन्फिग) शेल स्क्रिप्टमध्येच हियरडॉक करून, म्हणजे दोन खुणांच्या मधे लिहून, कुबसीटीएलला (क्लस्टरला हुकूम देणारं साधन) दिलं होतं, आणि हियरडॉकच्या सुरुवातीच्या खुणेला अवतरणचिन्हं नव्हती. शेलला वाटलं डॉलर-दोन म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं दुसरं आर्ग्युमेंट. ते नव्हतं, म्हणून त्याने तिथे रिकामं भरलं. खुणेभोवती एकेरी अवतरणचिन्हं टाकली, मिनिटात दुकान सुरू.

तेव्हापासून यामल हियरडॉकमधून ओतायचं नाही, फाइलच द्यायची. आणि लावून झालं की क्लस्टरमधून परत काढून वाचायचं. "फाइल बरोबर आहे" हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही.

डॉलर मुळातच नसण्याचं दुसरं कारण म्हणजे जुने लेख. ०.२२.० आवृत्तीच्या आधी नुसता `/` लिहिला तरी पाथचा सुरुवातीचा भाग आपोआप छाटला जायचा. जानेवारी २०१९ मध्ये ते बदललं, पण कॉपी करणाऱ्यांपर्यंत बातमी अजून पोचायची आहे.

`(/|$)` गाळून `/शॉप(.*)` आणि `/$1` लिहिणारे घाईवालेही आहेत. मग `/शॉपिंग` पण त्याच दारातून आत जातो आणि ॲपपाशी `/पिंग` होऊन पोचतो. इंग्रजी स्पेलिंग लिहून बघा: shopping मधून shop गेलं की ping उरतं. शिवाय मी तीन पत्ते नेहमी तपासतो: शेवटी स्लॅश नसलेला, स्लॅश असलेला आणि दोन पायऱ्या आतला.

एका होस्टच्या (डोमेन नावाच्या) एका इन्ग्रेसवर रीराइट-टार्गेट लावलं की त्या होस्टचे सगळे पाथ, दुसऱ्या टीमच्या इन्ग्रेसमधलेसुद्धा, रेजेक्स म्हणून वाचले जातात. शेजाऱ्यांना सांगून लावा.

रीराइट फक्त जाताना चालतं. ॲपने परत पाठवलेल्या पानातल्या लिंकांना ते शिवत नाही. त्यासाठी ॲपलाच बेस पाथ (आपण कोणत्या पत्त्याखाली बसलोय ते) सांगावा लागतो.

आता माझा दुसरा आवडता राग: पहिल्याच दिवशी ३०१, म्हणजे "पत्ता कायमचा बदलला" असा ब्राउझरला निरोप. पर्मनंट-रीडायरेक्ट लावून "बघू चालतंय का" म्हणणाऱ्याला मी कीबोर्डपासून लांब बसवतो. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. चुकीचा पत्ता टाकला आणि पाच मिनिटांत काढलात, तरी मधल्या काळात येऊन गेलेला माणूस चुकीच्याच जागी जात राहतो, आणि त्याच्या ब्राउझरमधला कॅशे तुम्ही इथून पुसू शकत नाही. आधी टेम्पोरल-रीडायरेक्टने ३०२ (तात्पुरता बदल), आठवडाभर लॉग बघा, मग कायमचं करा. तपासायचं कर्लने (टर्मिनलमधून विनंती पाठवायचं साधन), ब्राउझर काल काय झालं ते आज दाखवतो. आणि फॉर्म किंवा एपीआय असेल तर ३०८ घ्या, तोही कायमचाच, पण विनंतीचा प्रकार बदलत नाही. ३०१ वर ब्राउझर पोस्टचं (डेटा पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) करून टाकतो, डेटा वाटेतच सांडतो.

रीडायरेक्टचा भोवरा झाला तर बहुतेक वेळा समोरचा लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा) टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं कूटबद्धीकरण, उतरवून साधं एचटीटीपी आत पाठवत असतो. इन्ग्रेसमध्ये टीएलएस लिहिलेलं असलं की तो मुळातच एचटीटीपीएसवर ढकलतो, म्हणून तीच विनंती पुन्हा पुन्हा ३०८ खात फिरते. लोक लगेच एसएसएल-रीडायरेक्ट बंद करतात. कुलूप अडकतंय म्हणून दारच काढून ठेवायचं का? कंट्रोलरच्या कॉन्फिगमॅपमध्ये (त्याच्या सेटिंग्जमध्ये) यूज-फॉरवर्डेड-हेडर्स चालू करा, म्हणजे मूळ विनंती एचटीटीपीएसच होती हे बॅलन्सरने हेडरमध्ये लिहिलेलं तो मानेल; पण समोर खरंच आपला बॅलन्सर असेल तरच, नाहीतर कुणीही खोटे हेडर पाठवेल.

स्निपेट ॲनोटेशन, म्हणजे इन्ग्रेसमधून एनजिनएक्सचं कच्चं कॉन्फिग घुसवणाऱ्या सेटिंग्ज, १.९.० आवृत्तीपासून मुळात बंद असतात. बंदच राहू द्या.

नवीन काही उभारत असाल तर हे सगळं शिकण्यात फार जीव घालू नका. इन्ग्रेस-एनजिनएक्स निवृत्त करत असल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि देखभालीची मुदत दिली ती मार्च २०२६ पर्यंतची. गेटवे एपीआयच्या (कुबरनेटीसमधला इन्ग्रेसचा नवा पर्याय) एचटीटीपीरूटमध्ये पाथचा सुरुवातीचा भाग बदलायचा वेगळा फिल्टरच आहे. कंस नाहीत, डॉलर नाही, शेलला खायला काही नाही. फक्त रीराइट आणि रीडायरेक्ट एकाच नियमात टाकू नका. ते चालत नाही.