घरात येणारे हिरवे, वास मारणारे ढेकूण: शेवटी काय कामी आलं

लातूरजवळ घर, मागं सोयाबीन आणि तूर. सोयाबीन काढणीला आलं की दिवे लागताच ढालीसारख्या पाठीचे हिरवे ढेकूण ट्यूबलाइटला चिकटायचे. एक चिरडला की खोलीभर उग्र वास. एकदा तर वरणातच पडला. केरसुणीनं झाडले, वास आणखी पसरला. फवारा मारला, तर दुसऱ्या संध्याकाळी नवे हजर. जाम वैतागलो.

जमलं ते असं. आधी दारावरचा पांढरा एलईडी काढून पिवळा बल्ब लावला, तोही लांब, गोठ्याच्या कोपऱ्यावर. मग खिडकीच्या जाळीची भोकं शिवली, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी ठोकली. दिवेलागणीआधी दार बंद.

तरी आत आलेल्यांसाठी रुंद तोंडाचा डबा, त्यात दोन बोटं पाणी आणि चमचाभर कपड्याची पावडर. डबा ढेकणाच्या बरोबर खाली धरायचा, वरून कागदानं हलकेच ढोसायचं. धक्का लागला की तो पाय सोडून खाली पडतो, आणि साबणामुळं तरंगत नाही, बुडतो. नुसत्या पाण्यात टाकलेला मात्र पोहत कडेला आला नि उडून गेला, म्हणून पावडर विसरू नका.

चौथ्या संध्याकाळी डब्यात तीनच होते.